दिवाकरभाऊंची लाल गाडी

किस्से कोणी ठरवून जमवत नाही. देवरीला हायवेलगतच्या गॅरेजसमोर एक बाक आहे. संध्याकाळी आम्ही म्हातारे तिथं टेकतो, आणि किस्से आपोआप साचत जातात. त्यातले निम्मे दिवाकरभाऊंच्या दोन गाड्यांचे. एक त्यांनी तरुणपणी हौसेनं घेतलेली लाल स्पोर्ट्स कार, उघड्या टपाची, दोनच सीटची. दुसरी त्यांच्या मुलानं, नितीननं, घरासाठी आणलेली पांढरी हॅचबॅक.

*

लाल गाडी इटियाडोह धरणाच्या रस्त्यावर हमखास बंद पडायची. शेतातली माणसं धावत येऊन धक्का मारायची, मग बांधावर चहा व्हायचा. त्यामुळे भाऊंची त्या रस्त्यावर गावोगाव ओळख.

हॅचबॅक आल्यावर भाऊ बाकावर कुरकुरले, "हे गाडी कुठंच बंद नाही पडत. मानसं भेटतीन कसे?"

*

एकदा त्यांनी हॅचबॅकच्या पुढच्या सीटवर तांदळाचा कट्टा, म्हणजे लहान पोतं, ठेवला. गाडी पीं पीं करायला लागली. शेवटी भाऊंनी कट्ट्याला सीटबेल्ट बांधला! आम्ही पोट धरून हसलो.

भाऊ मात्र हसले नाहीत. "या गाडीले कट्ट्याची काळजी आहे," म्हणाले. "लाल गाडीले माही बी नव्हती."

*

आमच्याकडे रिकामी सीट घेऊन जाणाऱ्याला लोक नावं ठेवतात. चिचगडच्या लग्नाला निघालेली हॅचबॅक घरच्यांनीच भरली होती, तरी वाटेत एक शेजारीण टोपलीसकट चढली. भाऊंची बायको, आमच्या वहिनी, मागे दाटीवाटीत, मांडीवर नातू, नातवाच्या मांडीवर टोपली. भाऊ पुढे. जाऊन येईपर्यंत नवराबायकोला एकमेकांशी एक शब्द बोलायला मिळाला नाही.

लाल गाडीत तसलं काही नव्हतं. तेव्हा भाऊंचं लग्न नवं होतं, घर माणसांनी गच्च भरलेलं. भाऊ वहिनींना भाजी आणायला म्हणून घेऊन जायचे आणि तासाभरानं रिकाम्या पिशवीनं परत यायचे. सासूबाईंनी कधी विचारलं नाही. शहाणी बाई!

*

यंदा भाऊंचा गुडघा गेला. क्लच दाबवेना. उभी गाडी गंजते, हे नितीनचं म्हणणं खोटं नव्हतं. त्यानं रायपूरचं गिऱ्हाईक आणलं. भाऊंनी मान डोलावली, आणि त्या दिवसापासून बाकावर ते नुसते बसून राहायचे. मला फार वाईट वाटायचं. वहिनींना कोणी विचारलंच नव्हतं.

गिऱ्हाईक आलं त्या सकाळी आम्हीही गेलो. अंगणात लाल गाडी पुसून ठेवलेली, आणि डाव्या सीटवर वहिनी बसलेल्या. ठेवणीतलं लुगडं, हातात चहाचे दोन कप. गिऱ्हाईक घुटमळलं. नितीन ओशाळला.

"आई, उतर ना. गाडी आता कोनी चालवतबी नाही, कायले बसली? आपल्या नव्या गाडीत पाच जन बसतेत."

"म्हनूनच त," वहिनी म्हणाल्या, आणि दुसरा कप त्यांनी भाऊंपुढे धरला.