सत्तावीस नावांचा बावटा

हामाओ बंदरात नवी नाव पाण्यात सोडायची, तर तिच्या डोलकाठीवरचा रंगीत बावटा तोयोकोच्या हातचा असावा, असा तिथल्या नाखव्यांचा हट्ट असे. बावटा मालकाने स्वतः करून घ्यायचा नसतो. तो इतरांनी द्यायचा असतो, आणि देणाऱ्यांची नावे त्याच्या खालच्या काठावर पांढऱ्या अक्षरांत असावी लागतात. नावांवाचूनचा बावटा कोणी चढवत नाही.

हे काम ती सासऱ्यांच्या हाताखाली शिकली. तांदळाच्या पिठाची खळ कागदी सुरळीतून पिळत कापडावर अक्षरे काढायची, ती वाळली की भोवतीने रंग भरायचा आणि शेवटी धुवायचे. खळ निघून जाते, अक्षर पांढरे राहते. चाळीस वर्षांत एक अक्षर चुकले नव्हते. एका नाखव्याने तर्र अवस्थेत स्वतःच्याच नावेचे नाव चुकीचे सांगितले, तेव्हा तिने त्याला दुसऱ्या दिवशी बोलावून पुन्हा सांगायला लावले होते. नवरा मासानोरी मात्र या धंद्यात रमला नाही. त्याने गावच्या फुटबॉल क्लबात खेळाडूंचे बूट आणि कपडे सांभाळण्याची नोकरी धरली.

तात्सुहिरो घरात आला तो त्याच्याच मागून. क्लबच्या वसतिगृहात पंधराव्या वर्षी दाखल झालेला हा मुलगा पावसाळी दिवसांत तोयोकोच्या शेगडीशी बूट वाळवत बसे आणि बरणीतला खारवलेला मुळा फस्त करी. आता तो बावीस वर्षांचा होता आणि संघाची मधली फळी त्याच्यावर उभी होती. जूनमध्ये तो मासानोरीबरोबर आला.

"काकू, मला एक बावटा हवाय. नावेला असतो तसा."

"बावटा मागून घेतात का रे? आणि तू काय नाव आहेस?"

"नाव नाही, पण वल्ही मारतोच की. पुढचे गोल करतात, फोटो त्यांचे येतात."

तोयोको हसली. मग म्हणाली, "इथंच आहेस ना पण? पेपरात काहीबाही येतंय."

तात्सुहिरोने मासानोरीकडे पाहिले.

"हा कुठं जातोय?" मासानोरी म्हणाला. "इंग्रजीत पाणीसुद्धा मागता येत नाही त्याला."

दुसऱ्या दिवसापासून तोयोको दुकानोदुकानी फिरली. टोफू विकणारा कादोवाकी जरा का-कू करत होता. "पोरगं निघालंय म्हणतात. उद्या गेलं तर माझं नाव कशाला वाऱ्यावर?"

"आमचे हे क्लबातच आहेत, कादोवाकीसान. त्यांच्याकडूनच पक्कं कळलंय."

त्या एका वाक्यावर सत्तावीस दुकानांनी नावे दिली. अठ्ठाविसावे, घराचे म्हणून, तिने मासानोरीचे लिहिले.

रंग भरून झाला होता, धुणे तेवढे बाकी होते, तेव्हा एका सकाळी कादोवाकी दारात आला. त्याने फोन पुढे केला. इंग्लंडमधल्या कुठल्याशा क्लबचा मफलर गळ्यात घालून तात्सुहिरो हसत उभा होता.

"तुमचे हे क्लबातच आहेत ना अजून?" एवढेच बोलून तो निघून गेला.

मासानोरी आत न्याहारी करत होता.

"तात्सु इंग्लंडला चाललाय," ती म्हणाली.

त्याच्या हातातल्या जेवणाच्या काड्या थांबल्या नाहीत. त्याने भाताचा घास घेतला, मग लोणच्याचा तुकडा. तोयोकोला त्यातच सगळे कळले, तरी तिने विचारले, "तुम्हाला कधी कळलं?"

"मेअखेरीस. घरीसुद्धा बोलायचं नाही म्हणून क्लबानं बजावलं होतं."

"नका ना बोलू. गप्प बसला असतात तर मी समजून घेतलं असतं. तुम्ही तर सांगितलंत, तो कुठं जातोय म्हणून."

"अगं, त्याला तुझ्या हातचा बावटा न्यायचा होता. जातोय म्हटल्यावर गावानं नावं दिली असती का?"

"विचारायचं होतं. कदाचित दिली असती."

"एका बावट्यापायी एवढं काय?"

"मी सत्तावीस उंबऱ्यांवर तुमचा शब्द ठेवून आले," ती म्हणाली आणि उठली.

दोन दिवस ती कामाच्या खोलीतच होती. ओल्या फडक्याने खळ भिजवायची, बांबूच्या पट्टीने खरवडायची आणि उघड्या पडलेल्या पांढऱ्यावर गडद निळा कुंचला फिरवायचा. आयुष्यभर जी अक्षरे जपली, तीच ती एकेक करून पुसत होती.

निघण्याच्या आदल्या दिवशी तात्सुहिरो सूट घालून, मिठाईचा डबा घेऊन निरोप घ्यायला आला. मासानोरी त्याच्या मागे उभा राहिला. तोयोकोने बावटा उलगडला. लाटा होत्या, उसळणारा बांगडा होता, मधोमध त्याच्या जर्सीवरचा आठ आकडा होता. खालचा काठ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत निळा होता, आणि कडेला एकच पांढरे नाव होते.

तात्सुहिरोने ते वाचले. "काकू, बाकीची नावं?"

"त्यांना वाटलं तू राहतोयस. ज्यांना ठाऊक होतं, त्यांचं ठेवलंय."

"निदान तुझं तरी घालायचं होतंस," मासानोरी पुटपुटला.

"करणाऱ्याचं नाव आम्ही घालत नाही."

तिने बावट्याची नीट घडी केली आणि तात्सुहिरोच्या दोन्ही हातांवर ठेवली. "जेवणाची आबाळ करू नकोस तिकडे. आणि देणारे इथंच उभे आहेत. त्यांचे आभार मान."

तात्सुहिरो वळला आणि कमरेत खोल वाकला. त्याने मान वर करेपर्यंत कुठे पाहावे, हे मासानोरीला कळेना.