मापाच्या सिस्टर

दवाखान्यात त्यांना सगळे मापाच्या सिस्टर म्हणत. पहिल्या मजल्यावर चार नंबरच्या खोलीत त्या एकतीस वर्षं बसल्या, आणि एकतीस वर्षं त्यांनी एकच काम जीव ओतून केलं: बायकांना डायफ्रॅमचं माप घेऊन द्यायचं आणि तो वापरायला शिकवायचा. डायफ्रॅम म्हणजे मऊ सिलिकॉनची उथळ वाटी. बाईनं ती स्वतःच्या हातानं आत बसवायची, गर्भाशयाचं तोंड झाकलं जातं, दिवस राहण्याची शक्यता बरीच कमी होते. प्रत्येकीचं माप निराळं, म्हणून सिस्टरांच्या खणात लहानमोठ्या कड्यांचा डबा असे.

त्यांचे यजमान शिंपी. घरात माणसं दोन, आणि दोघांचाही धंदा मापाचा. यजमान म्हणत, "माझं माप चुकलं तर उसवता येतं. तुझं चुकलं तर पाळणा हलतो."

सिस्टरांकडे येणाऱ्या बायका बहुधा मैत्रिणीसाठी विचारायला आलेल्या असत. ही मैत्रीण कधी दिसायची नाही, पण तिला शंका फार. वाटी आत हरवली तर? "मागं भिंत आहे. जाऊन जाऊन जाणार कुठं?" सिस्टर सांगत. बाळंतपणानंतर तीच चालेल का? नाही, तिला पुन्हा माप द्यायला पाठवा. यानं रोग टळतात का? नाही, त्याला निरोधच हवा. सिस्टर हे सगळं इतक्या खणखणीत आवाजात सांगत की मैत्रिणीच्या वतीनं आलेली बाई आधी दार नीट लागलंय का ते बघून घेई.

शेजारची पाच नंबरची खोली वर्षभरापूर्वी उघडली. तिथं श्वासाचे मास्तर बसत. किडकिडीत, हळू बोलणारे, मूळचे बासरी वाजवणारे. ज्यांना धाप लागते त्यांना छातीचे डॉक्टर त्यांच्याकडे पाठवत. फुप्फुसांच्या खाली घुमटासारखा एक स्नायू असतो. श्वास घेताना तो खाली सपाट होतो, सोडताना वर चढतो. मराठीत त्याला श्वासपटल म्हणतात, पण डॉक्टर मंडळी डायफ्रॅमच म्हणत आणि चिठ्ठीवरही तेवढंच लिहीत: "डायफ्रॅम, शिकवणे." बायकांच्या डॉक्टरीणबाईही आपल्या चिठ्ठीवर नेमकं हेच लिहीत.

खाली चिठ्ठ्या वाटणारा कारकून अनुभवी होता तोवर निभावलं. मग त्याची बदली झाली आणि नवा आला. नवा मोठा टापटिपीचा. त्यानं पाहिलं, एकाच कामाला दोन खोल्या. ज्या खोलीसमोर रांग कमी, तिकडं तो माणूस धाडू लागला.

अशा रीतीनं एका सोमवारी सिस्टरांच्या बाकावर, चार बायकांच्या शेवटी, एक गृहस्थ फाईल मांडीवर ठेवून बसलेले दिसले. सदतीस वर्षं बस चालवून निवृत्त झालेले ड्रायव्हरकाका. केसांना कलप, शर्टाच्या खिशात वही आणि पेन. सिस्टरांनी चिठ्ठी वाचली आणि मिसेस आल्या नाहीत का, असं विचारलं. काका म्हणाले, तिला कशाला त्रास, माझं मीच शिकून घेतो म्हटलं.

सिस्टरांना भरून आलं. सबंध नोकरीत बायकोऐवजी स्वतः शिकायला आलेला नवरा त्यांनी पाहिला नव्हता. वय जरा जास्त वाटलं खरं, पण कुणाच्या संसारात वय मोजत बसायचं नाही हा त्यांचा नियम होता. त्यांनी दार लावलं, स्वतःची खुर्ची काकांना दिली आणि नेहमीपेक्षा दुप्पट उत्साहानं सुरुवात केली.

"सुरुवातीला अवघड जातं, काका. अंग सैल सोडायचं, सावकाश श्वास घ्यायचा."

"श्वासाचंच तर अडतंय माझं."

"सगळ्यांचंच अडतं. घाई केली की होतं तसं."

काकांना धीर आला. त्यांनी वही उघडली. जिने चढताना काय करायचं, असं त्यांनी विचारलं. सिस्टर क्षणभर थांबल्या. पण जगात तऱ्हेतऱ्हेची माणसं असतात हे त्यांना ठाऊक होतं. त्या म्हणाल्या, जिने चढा, बाजारात जा, काही होत नाही. फक्त काम झाल्यावर निदान सहा तास तो काढायचा नाही, आणि चोवीस तासांच्या वर ठेवायचा नाही.

काकांचं पेन थांबलं. "काढायचा?"

"काढून धुवायचा. कोमट पाणी, साधा साबण. पावडर अजिबात लावायची नाही."

छातीच्या डॉक्टरांनी तर तो शरीराचाच भाग असल्याचं सांगितलं होतं. पण काकांनी विचार केला, शेजाऱ्याचा गुडघा बदलला, व्याह्यांचे दात रोज पाण्यात असतात. शास्त्र पुढं गेलंय. त्यांनी लिहून घेतलं. परत बसवताना दुखेल का? सिस्टर म्हणाल्या, नीट बसला तर आहे हेसुद्धा कळत नाही. आधी काठाला आणि वाटीत मलम लावायचं. त्याही आधी उजेडाकडे धरून भोक पडलंय का ते बघायचं असतं, तेही त्यांनी सांगितलं. शेवटी म्हणाल्या, "उद्या मिसेसना घेऊन या. त्यांचं माप घ्यावं लागेल."

"माझ्या डायफ्रॅमला तिचं माप?"

"त्यांच्याशिवाय कसं चालेल, काका?"

तिच्याशिवाय घरात काहीच चालत नाही, हे काकांना मान्यच होतं.

दुसऱ्या दिवशी काका काकूंना घेऊन आले. पांढरेशुभ्र केस, हातात काठी, पासष्टी उलटलेली. सिस्टरांनी काकूंकडे पाहिलं, मग फाईल मागून घेऊन आदल्या दिवशीची चिठ्ठी पुन्हा वाचली. वरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात छातीच्या विभागाचा शिक्का होता. त्या खाली बसल्या. कामात अशी चूक त्यांच्या हातून कधी झाली नव्हती, आणि झाली ती मापाआधीच.

त्यांनी काकांची माफी मागितली आणि दोन्ही डायफ्रॅम समजावून सांगितले. काकांचे कान तांबडे झाले. काकूंनी मात्र रात्रीच वही वाचली होती आणि त्यांना संशय होताच. त्या हसायला लागल्या. आधी आवाज न करता, मग काठी बाजूला ठेवून, मग इतक्या की त्यांना उचकी लागली.

"हा बघा, काका," सिस्टर म्हणाल्या, "तुमचा डायफ्रॅम तो हा. काकूंचा आत्ता उडतोय. तो एकदम आकसला की उचकी लागते." काका बायकोच्या पोटाकडे बघत राहिले. सवयीनं त्यांनी हेही लिहून घेतलं.

एवढ्यात सिस्टरांच्या ध्यानात आलं. मास्तरांचा माणूस आपल्याकडे आला, तर आपली बाई कुठं गेली असेल? त्या तशाच उठून पाच नंबरकडे धावल्या.

आत चटईवर बालवाडीच्या एक बाई डोळे मिटून उताण्या पडल्या होत्या. पोटावर जाडजूड शब्दकोश. श्वासाबरोबर तो संथपणे वरखाली होत होता. मास्तर कौतुकानं म्हणाले, आज अकरावा दिवस, फार छान प्रगती आहे.

सिस्टरांनी त्यांना बाहेर घालवलं आणि बाईंना जपून विचारलं, तुम्हाला कशासाठी पाठवलं होतं? बाई म्हणाल्या, दोन मुलं आहेत, तिसरं नको म्हणून. या व्यायामानं ते कसं टळतं हे त्यांना नीटसं उमगलं नव्हतं, पण विचारायची लाज वाटली. मास्तर इतक्या गंभीरपणे शिकवत होते.

"आणि घरी?" सिस्टरांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला.

"मास्तर म्हणाले, तीन आठवडे पक्कं जमेपर्यंत अंगाला ताण पडेल असं काही करू नका. म्हणून यांना बाहेरच्या खोलीत झोपायला सांगितलंय. रोज सकाळी विचारतात, कुठवर आलं म्हणून."

मास्तरांना म्हणायचं होतं ते वजनं उचलण्याबद्दल. पण सिस्टरांनी तिथंच चटईवर बसकण मारली आणि सुटकेचा मोठा सुस्कारा सोडला. दाराशी उभे असलेले मास्तर न राहवून म्हणाले, "ताई, खांदे नका उचलू. पोटातून घ्या."

बाईंना त्याच दिवशी माप मिळालं. मात्र त्यांनी व्यायाम सोडला नाही. वर्गात ओरडायचं प्रमाण निम्म्यावर आलं होतं आणि मुलं बाईंना बरं नाही का असं विचारू लागली होती. कारकुनाला सिस्टर जाऊन भेटल्या. तो बिचारा रडकुंडीला आला, तेव्हा त्यांनीच त्याला पाणी पाजलं आणि चिठ्ठीवर खोलीचा नंबर लिहायची पद्धत डॉक्टरांकडून मंजूर करून घेतली.

काका त्या दिवशी पाच नंबरमध्ये गेले. काकू सिस्टरांच्या खोलीत थांबल्या. टेबलावरची वाटी त्यांनी उचलली, खिडकीकडे धरली, बोटांनी दाबून पाहिली.

"हे आमच्या वेळी होतं का हो?"

"होतं, काकू. पूर्वीपासून आहे."

काकूंनी वाटी खाली ठेवली. सात वर्षांत पाच बाळंतपणं झाली, असं त्या म्हणाल्या. पाचव्यानंतर वर्षभर अंथरुणावर होत्या. मुलं सगळी गुणाची, एकावाचूनही करमत नाही. पण तेव्हा रोज वाटायचं, काही असेल का, आणि असलं तर कुणाला विचारायचं.

"मला कुणी सांगितलं का नाही?"

सिस्टरांनी आपली खुर्ची काकूंच्या जवळ ओढली. त्या म्हणाल्या, "सांगायला हवं होतं." पलीकडून काकांचे श्वास मोजल्याचे आकडे ऐकू येत होते.

पुढं काका आठवड्यातून दोनदा येत राहिले. काकू त्यांच्याबरोबर येत आणि चार नंबरच्या बाकावर बसत. कोणी मुलगी फाईलमागं तोंड लपवून बसली असली की काकू तिच्याकडे सरकत आणि तिचं नाव-गाव न विचारता सांगत, आत बिनधास्त विचार, त्या चिडत नाहीत. काकांना दोन महिन्यांत दोन जिने न थांबता चढता येऊ लागले आणि त्यांचं येणं बंद झालं. काकू मात्र येत राहिल्या. सिस्टरांनी त्यांच्यासाठी बाकावर एक उशी शिवून आणली. शिवली यजमानांनी, माप सिस्टरांनी दिलं.