लग्नाच्या सकाळी कोठडीत

ला स्पेझियाच्या बंदरात एर्मेतेसारखा बढाईखोर दुसरा नव्हता, पण त्याचं कामही तसंच होतं. बुडालेल्या पाणबुडीत हवेचा दाब वाढतो. तिथून सुटलेल्या माणसांना बाहेरच्या हवेत किती सावकाश आणायचं, हे ठरवायला आधी कुणाला तरी तो दाब अंगावर घ्यावा लागतो. लोखंडी कोठडीत बसून एर्मेते तो घ्यायचा. दाब खूप चढला की माणूस थेंबभर न पिता झिंगतो, म्हणून तर त्याचा या कामावर भारी जीव.

मुलीच्या, नोएमीच्या, लग्नाच्या सकाळी चाचणी संपणार होती. दुपारी तिचा हात धरून चर्चमध्ये शिरायचं, असं वचन देऊनच तो आत गेला होता.

सोबतीला जुना पाणबुड्या ड्यूलियो होता आणि मोज्यात लपवलेली फसफसत्या वाइनची बाटली. दाब चढला, दोघं खिदळू लागले आणि नवरीच्या नावानं बाटली उघडली. ना आवाज, ना फेस. दुकानदाराच्या नावानं बोटं मोडत दोघांनी ती संपवली. उभा जन्म दाबाखाली काढलेल्या या शहाण्यांना सुचलं नाही, की वाइनमधला वायूही दाबाखाली गप्प बसतो.

दाब उतरू लागला आणि वाइन पोटात जागी झाली. पट्टे सुटले, ढेकरांची माळ लागली. पोटं धरून वाकलेल्या दोघांना पाहून बाहेरच्या डॉक्टर त्राव्हेर्सींनी घाबरून दाब होता तिथेच रोखला. शेवटी ड्यूलियोनं बाटली दाखवली. डॉक्टरांनी शिव्या घातल्या, मग हसून हसून त्यांनी डोळे पुसले आणि दाब पुन्हा उतरवायला घेतला. लग्न चुकणार नव्हतं.

तेवढ्यात एर्मेतेच्या गुडघ्यात ठणका उठला. दाब उतरताना अंगातला वायूही वाइनसारखाच फसफसतो आणि त्याचे बुडबुडे सांध्यात अडकतात; ही कळ त्यांचीच, हे तो ओळखून होता. त्यानं पाय बाकाखाली ओढला. गप्प राहिला असता तर कुणाला कळलंही नसतं.

कोठडीच्या काचेपाशी पांढऱ्या झग्यातली नोएमी आली. "बाबा, पोट कसंय?" तिला हसू आवरत नव्हतं.

"पोट बरंय गं," तो म्हणाला. "गुडघा दुखतोय."

तिचं हसू मावळलं. बुडबुडे विरावेत म्हणून डॉक्टरांनी दाब पुन्हा चढवला. आता तो आणखी सावकाश उतरणार, म्हणजे सुटका रात्रीच. एर्मेतेला पुन्हा झिंग चढली. तो रडत होता आणि खिदळतही होता, मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं त्याला.

नोएमीनं बूट काढून फेकले आणि काचेला टेकून स्टुलावर बसून चर्चला फोन लावला.

"फादर, पाहुण्यांना आधी जेवायला वाढा. नवरीचा बाप अजून पाण्याखाली आहे."