मागायची वेळ

भानुदासअप्पा 'नाही' हा शब्द तोंडानं उच्चारत नसत. उधारीवर माल नेणाऱ्याची मर्यादा संपली की मांडीजवळचा कापड मोजायचा लोखंडी गज उचलत आणि गादीवर स्वतःच्या आणि गिऱ्हाइकाच्या मध्ये आडवा ठेवत. पानाचा डबा उघडून सुपारी कातरत बसत. समोरचा माणूस गजाकडे बघे, अप्पांकडे बघे, काढलेलं कापड स्वतःच घडी करून परत फळीवर ठेवे आणि निघून जाई. त्या मर्यादेला अप्पा 'हद्द' म्हणत. प्रत्येक गिऱ्हाइकाची हद्द वेगळी होती आणि ती फक्त अप्पांच्या डोक्यात होती.

परंड्याच्या बाजारपेठेत त्यांचं कापडाचं दुकान होतं आणि त्या दुकानाच्या ओट्यावर माझं शिलाई मशीन. शिंपी म्हणून सगळे मला मास्तर म्हणत. निजामाचं संस्थान जाऊन काही वर्षं झाली होती. त्याचा हाली शिक्क्याचा रुपया बंद पडला होता, तरी म्हातारी माणसं अजून त्याच हिशेबात बोलत. आतून कापड घ्यायचं आणि बाहेर माझ्याकडे शिवायला टाकायचं, अशी गिऱ्हाइकांची सोय होती. अप्पांचा आवाज मला मशीनच्या खडखडाटातही ऐकू येई, कारण तो मोठा नसे. ते हळू बोलत, म्हणून सगळं दुकान कान देऊन ऐके.

माणूस वाईट म्हणावा, तर मापात कधी एक बोट कमी दिलं नाही. मांजरपाटाचा कोपरा कानाशी चोळून ते कापड किती धुण्यांना टिकेल ते सांगत आणि ते खरं ठरे. माझी बायको बाळंतपणात अडली, तेव्हा अप्पांनी न विचारता स्वतःची बैलगाडी जोडून दिली, बार्शीच्या दवाखान्यात तिच्याजवळ बसायला घरची बाई पाठवली आणि पुढं आयुष्यात एकदाही त्याचा उल्लेख केला नाही. आपणहून दिलेलं ते विसरून जात. कुणी मागितलेलं मात्र विसरत नसत आणि मागणाऱ्यालाही विसरू देत नसत.

एकदा शाळेतले एक गुरुजी दिवाळीच्या कपड्यांसाठी हद्द वाढवून मागायला आले. सकाळची वेळ, दुकान रिकामं. गुरुजी तीच वेळ साधून आले असणार. अप्पांनी त्यांना बसवलं, पाणी दिलं, "जरा दम धरा, गुरुजी," म्हणाले आणि दुकान भरेपर्यंत इकडंतिकडं बोलत राहिले. चार पालक, दोन विद्यार्थी आत आले, तेव्हा वळून म्हणाले, "हां, बोला गुरुजी. उधारीचं काय म्हनत हुता?" गुरुजी म्हणाले, काही नाही, सहज आलो होतो. ते गेल्यावर अप्पा माझ्याकडे बघून म्हणाले, "मास्तर, मागनाऱ्यानं लाज घरी ठिऊन यावं. लाज आन् झोळी एका खांद्यावर ऱ्हात न्हाईत."

अशा माणसाकडून सोनाबाई माल उचलत असे. ती भूमजवळच्या ईट गावची. नवरा गाडीवान होता, पटकीच्या साथीत गेला. पदरात शेवंता नावाची एक मुलगी. नवऱ्यामागं सोनाबाईनं रोजगाराला न जाता कापडाचं गाठोडं डोक्यावर घेतलं. परंड्याला येऊन अप्पांकडून लुगडी, खण, धोतरं उधारीवर न्यायची, भूमच्या आसपासच्या वाड्यावस्त्यांवर विकायची आणि पुढच्या खेपेला पैसे भरून नवा माल उचलायचा. बोलायला गोड, पण फसवी नव्हती. "ह्यो रंग जाईल बघ मामी, दुसरं घे," असं स्वतःच सांगायची, म्हणून बायका तिची वाट बघत. तिची खेप कधी चुकली नाही आणि पैसेही चुकले नाहीत.

पण तिची हद्द सुरुवातीला होती तेवढीच राहिली. एक गाठोडं, तेही डोक्यावर मावेल एवढं. ते दोन वस्त्यांत संपे आणि बाकीच्या बायका रिकाम्या हातानं राहत. एसटीची वाट बघताना ती माझ्या मशीनजवळ बसे आणि एकच गोष्ट विचारी.

"मास्तर, अप्पाला कवा इचारू?"

मी म्हणालो, "सगळी बाकी फेडून टाका. अंगावर उधारी नसताना मागा. अप्पा स्वतःच म्हणतात, भरल्या पोटी मागावं. उपाशी मागितलं की त्याला भीक म्हणतात."

तिला पटलं. दिवाळीचा माल विकून तिनं सगळी बाकी चुकती केली आणि मग म्हणाली, "अप्पा, औंदा दोन गाठुडी न्यावं म्हनते. हद्द थोडी वाढवली तर लई उपकार हुतील." अप्पांनी पैसे मोजून घेतले. तिच्यासाठी चहा मागवला. भर दुकानात तिचं कौतुक केलं, असा एतबार तालुक्यात कुणाचा न्हाय म्हणाले. मग विचारलं, "का गं बाई, तुझं आत्ता भागतंय न्हवं?"

"भागतंय अप्पा, पर..."

"मग भागतंय त्याला कशाला हात लावायचा? निरोगी मानसानं औषीद घेऊ न्हाय."

सगळे हसले. तीही हसली. चहा पिऊन उठली आणि तेवढंच एक गाठोडं घेऊन गेली.

त्यानंतर आम्ही दोघं अप्पांचा अंदाज घेत बसायचो. जेवणानंतर विचारावं की बाजार उठल्यावर? सोलापूरहून नवा माल आल्यावर, की जुना पडून असताना? त्याच दिवसांत नामदेव नावाचा भूमचा एक दुकानदार येत असे. त्याची बाकी कधीच फिटली नव्हती. दर खेपेला नवं कारण, नवी शपथ. तरी अप्पांनी त्याची हद्द वर्षात दोनदा वाढवली. सोनाबाईनं ते डोळ्यांनी पाहिलं. म्हणाली, "त्यो बरुबर टायमाला मागत आसंल. मलाच येळ साधत न्हाय."

मग अप्पांना नातू झाला. पेढे वाटले, मलाही दिले. सोनाबाई बाळाला टोपडं घेऊन आली आणि अप्पा खुशीत दिसले म्हणून तिनं तोंड उघडलं. अप्पांनी ते टोपडं तिच्या हातात परत ठेवलं. "ह्याची किंमत वसूल करायला आलीस व्हय?" एवढंच बोलले. ती ओट्यावर आली तेव्हा टोपडं तिच्या मुठीत चुरगळलं होतं. मी मशीन चालवत राहिलो, दुसरं काय करणार.

पुढच्या वर्षी लगीनसराईच्या तोंडावर ती धावतच आली. ईटच्या एका मोठ्या बागायतदाराच्या दोन मुलींची लग्नं एका मांडवात ठरली होती. एरवी अशा घरची माणसं गाड्या जोडून परंड्याला किंवा बार्शीला बस्ता बांधायला येत. पण घरची मालकीण सोनाबाईवर विश्वासून म्हणाली होती, की माल तू घरी आणून दाखव, आमच्या म्हाताऱ्या बायकांना बघून निवडता येईल. दोन्हीकडच्या मानपानाची लुगडी, खण, धोतरं, फेटे, सगळं सोनाबाईकडून घेणार. शेवंताही लग्नाच्या वयाची झाली होती. एवढं एक काम पार पडलं की मुलीचं चांगल्या घरी करता येईल, असं ती मला म्हणाली. त्या दिवशी तिनं वेळकाळ पाहिला नाही. सरळ आत गेली आणि सगळं सांगितलं.

अप्पांनी शांतपणे ऐकून घेतलं. कुणाचं घर, किती माणसं, मुहूर्त कधीचा, कोणत्या काठाची लुगडी, सगळं बारकाईनं विचारलं. मग म्हणाले, "बाई, आत्ता तुला गरज हाय. गरजवंताला आक्कल नसती. त्याला द्यायचं म्हंजी त्याच्या गळ्यात धोंडा बांधायचा. ते पाप म्या का करू?" आणि गज उचलून दोघांच्या मध्ये आडवा ठेवला.

ती दोन दिवसांनी बार्शीला जाऊन आली. तिथल्या व्यापाऱ्यानं आधी होकार दिला, परंड्याला कुणाकडून माल घेता म्हणून विचारलं आणि आठवड्यानं बोलावलं. आठवड्यानं गेली तर नको म्हणाला. कारण सांगितलं नाही.

मध्यंतरी अप्पांचा मुनीम ईटला जाऊन आला होता, हे मला नंतर समजलं. एका सकाळी त्या बागायतदाराच्या तीन गाड्या दुकानासमोर उभ्या राहिल्या. बायका उतरल्या, अप्पांनी गादी झटकली, गुळपाणी दिलं. नेमकी त्याच दिवशी सोनाबाई जुनी बाकी भरायला आली होती. तिला दारात बघून मालकीण चपापली. म्हणाली, "सोनाबाई, तुमच्याच्यानं एवढा माल व्हत न्हाय, असा सांगावा आला. म्हून आमी हितं आलो."

सोनाबाई काही बोलायच्या आत अप्पा म्हणाले, "ये बाई, तुझीच मानसं हायत. तुला त्यांची आवड ठावं. दाखव लुगडी."

ती बसली. दुपारपर्यंत घड्या उलगडत होती, पदर खांद्यावर टाकून दाखवत होती, एका म्हातारीला "ह्यो रंग जाईल, दुसरं घ्या," असंही सांगत होती. मी ओट्यावरून बघत होतो. तिचा हात कुठं चुकला नाही. बस्ता बांधून गाड्या निघाल्या, तेव्हा अप्पांनी तिला एक खण पुढं केला. विधवा बाईला खण. ती म्हणाली, "मला न्हाय चालत ह्ये." अप्पा म्हणाले, "तर मग लेकीला दे. लगीन हाय न्हवं तिचं?"

तिनं खण गादीवर ठेवला. कमरेची पिशवी सोडून बाकी चुकती केली आणि खातं बंद करा म्हणाली. अप्पांनी मान डोलावली. "पुन्ना आलीस तर पयल्यापास्नं सुरू करावं लागंल. आर्ध्या गाठुड्यावर."

ती पुन्हा आली नाही. खुरपायला जाते असं कानावर येई. शेवंताला तिनं एका बिजवराला दिलं. पहिलीची तीन मुलं होती त्याला.

काही वर्षांनी अप्पांना जलोदर झाला. पोट फुगलं, सदरे होईनात, म्हणून ढगळ बंड्या शिवायला त्यांनी मला घरी बोलावलं. मी माप घेत होतो. अप्पा नजरेनं पारखत होते, मी फीत कुठं धरतो ते. त्यांना बोलायला माणूस हवं होतं. दुकान, मुलगा, नामदेवाकडं बुडालेले पैसे, असं बोलत राहिले. मी विचारलं, "अप्पा, त्या सोनाबाईनं कधी मागायला हवं होतं? म्हणजे तुम्ही दिलं असतं?"

त्यांना आठवायला वेळ लागला नाही.

"कवाच दिलं नसतं. लई हुशार बाई. दोन गाठुडी दिली आसती तर वर्सात ईटला दुकान घातलं आसतं तिनं. मंग तिकडली बाजू माझ्याकडं कशाला आली आसती?"

"आणि नामदेवाला दोनदा वाढवून दिलंत."

"त्यो बुडवा. बुडव्याला वाढवून द्यावं. त्यो कुठं जात न्हाय. बाकी ऱ्हाती म्हून तोंड लपवत पुन्ना आपल्याकडंच येतो. चोख मानूस म्हंजी बिनदोरीचा बैल, मास्तर." मग अगदी सहज म्हणाले, "बार्शीला म्याच सांगावा धाडला हुता. बाई चांगली हाय, पर हात आखडता ठेवा म्हून."

त्यांच्या चेहऱ्यावर पश्चात्ताप नव्हता. उलट सोनाबाईचं नाव घेताना एक अभिमान होता, जणू तिला त्यांनीच घडवलं असावं. मला म्हणाले, "काखेत ढिली ठेव रं, बंडी." मी दोन बोटं ढिली ठेवली. त्या बंड्या त्यांनी महिनाभरही वापरल्या नाहीत. प्रेतयात्रेला सगळी पेठ बंद होती. बैलगाडीची आठवण ठेवून मीही खांदा दिला.

पुढं ईटला माझ्या मेहुण्याच्या घरी कार्य होतं, तेव्हा मी सोनाबाईकडे गेलो. दारात सुपात ज्वारी घेऊन खडे वेचत होती. मला ओळखून तिनं पाणी दिलं, अप्पा गेल्याचं विचारलं. मग स्वतःच म्हणाली, "माझंच चुकलं बघा, मास्तर. त्या टायमाला उतावीळ झाले. मुलीनं सासरचं काय सांगितलं की मला त्योच दिवस आठवतो. बेस्तरवारी गेले आसते, दुकानात गर्दी नसताना, निवांत बोलले आसते, तर त्यांनी दिलं आसतं. शेवंताचं नशीब माझ्या घाईनं गेलं."

मला वाटलं, हे ओझं तिनं का वाहावं. मी अप्पांचं बोलणं तिला जसंच्या तसं सांगितलं. कवाच दिलं नसतं म्हणाले, ते. तुमच्या हुशारीला भ्याले होते, ते. बार्शीचं, तेही.

तिनं सूप खाली ठेवलं. मी वाट बघत होतो, की आता तिचा जीव हलका होईल.

"मास्तर," ती म्हणाली, "ह्ये कशाला सांगितलंत? चूक माझी हाय आसं वाटत हुतं तवर मी सोसत हुते. आता मेलेल्या मानसावर राग धरून मी काय करू?"