बारानंतरचं जेवण

"तुमच्या मिस्टरांच्या पोटात चरबी नाही, पाणी आहे," चंद्रपूरच्या डॉक्टरांनी सोनोग्राफीचा कागद माझ्याकडे सरकवला. "लिव्हर सिऱ्होसिस." म्हणजे यकृतात वण पडून ते कडक होणं. मग विचारलं, "किती प्यायचे?"

मला संताप आला. पंचशील पाळणारा माणूस, दारूच्या थेंबाला कधी शिवला नाही. तेव्हा डॉक्टरांनी समजावलं. साखरेचा आजार आणि सुटलेलं पोट, यातूनही यकृतात चरबी साठते. त्याला फॅटी लिव्हर म्हणतात. कुणाकुणाचं यकृत त्यातच वर्षानुवर्षं झिजतं. दुखत नाही, म्हणून कळत नाही.

फॅटी लिव्हर आम्हाला ठाऊक होतं. हे कोरपन्याकडे सिमेंट कारखान्यात फिटर. तिथल्या तपासणीत ते निघालं, पुढच्या तपासण्या करायला सांगितल्या, त्या राहिल्या. मोबाइलवर यांना इंटरमिटंट फास्टिंग सापडलं, म्हणजे दिवसातले ठरावीक तासच खायचं, बाकी वेळ पोट रिकामं. हे खूश. "हे तं आपलंच आहे व! उपोसथाले आपण बारानंतर खातो का?"

पौर्णिमेच्या उपोसथाला अष्टशील, म्हणजे आठ नियम, घेऊन दुपारनंतर न जेवणं आमच्या घरात नवं नाही. यांनी पावसाळ्यातल्या वर्षावासाचे तिन्ही महिने तसं राहायचं ठरवलं आणि विहारात सगळ्यांसमोर बोलून दाखवलं. लोकांना कौतुक. गाल बसले, दंड काटकुळे झाले, तर शेजारीण म्हणते, "भाऊ कसे बारीक झाले व बाई!" पोट तेवढं वाढत होतं. हे म्हणायचे, "जुनी चरबी आहे, शेवटी जाईन." मग पायांवर सूज आली. आणि एका सकाळी यांनी मला विचारलं, तुम्ही कोण?

दवाखान्यात सुईनं पोटातलं पाणी काढलं, यकृतानं न गाळलेलं विष डोक्यात चढलं होतं, ते औषधांनी उतरलं आणि हळूहळू भान आलं. बाहेर बाकावर बसलं की शेजारची बाई हळूच विचारणार, "दारू का?" नाही म्हणून म्हणून माझं तोंड दुखलं.

घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "आता यांना जास्त वेळ उपाशी ठेवायचं नाही. असं यकृत ताकद साठवू शकत नाही, मग शरीर स्वतःचंच मांस खातं. झोपण्याआधी खाल्लंच पाहिजे."

यांनी मान डोलावली आणि घरी येऊन संध्याकाळचं ताट सरकवलं. वर्षावास अजून संपायचा होता. "सगळ्याइसमोर शब्द देला. आता मोडू? लोक म्हणतीन, पेतच होता, शीलही खोटंच."

मी रडले, भांडले. हे भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. शेवटी मी विहारातल्या भंतेजींना घरी बोलावलं. त्यांनी सुजलेले पाय पाहिले, बाजूला बसले.

"उपासक, नियम निरोगी माणसाले आहे. आजाऱ्याले जेवण म्हणजे औषध. अन् हा माणूस दारूनं आजारी नाई, हे विहारात मी सांगतो."

यांना हुंदका फुटला. मग हात ताटाकडे गेला. भंतेजींचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

तुमच्या हातात असा रिपोर्ट आला तर ताट सोडण्याआधी यकृत किती कडक झालंय ते बघून घ्या. फायब्रोस्कॅन म्हणतात त्या तपासणीला, सोनोग्राफीसारखीच असते. नुसती चरबी असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्यानं उपास मानवेलही. आम्ही न बघताच सुरू केला.

यांचं यकृत आता पहिल्यासारखं होणार नाही. रोज संध्याकाळी हे अळणी वरण-भात खातात आणि ताट रिकामं होईपर्यंत मी समोर बसते. असं किती वर्षं बसायला मिळेल, हे डॉक्टरांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.