तुटला

माझी लेक दहा वर्षांची आहे, जन्म वेलिंग्टनचा. मी मराठीत विचारते, ती इंग्रजीत उत्तर देते आणि आमचं बरं चाललेलं असतं. तिला सगळं कळतं, पण बोलायची वेळ आली की ‘त’ आणि ‘ट’ची खिचडी होते. ‘ताट घे’ म्हण म्हटलं तर ‘टाट घे’ म्हणते. मी सुधारते, ती डोळे फिरवते.

मागच्या वर्षी शाळेत विज्ञानाचा प्रकल्प होता. तिने निवडला सायबेरियातला तुंगुस्काचा स्फोट. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी एका सकाळी तिथल्या निर्जन जंगलावर आकाशातून काहीतरी आलं, प्रचंड धमाका झाला आणि मैलोन् मैल झाडं आडवी झाली. मी कपड्यांच्या घड्या घालत होते. तिने विचारलं, “आई, व्हॉट डू वी कॉल इट? व्हेन इट फॉल्स लाइक दॅट?”

तिच्या तोंडून ‘वी’ ऐकलं आणि मी विरघळलेच. उल्का म्हणायला हवं होतं. पण लहानपणी आम्ही गच्चीवर झोपायचो तेव्हा जे ओरडायचो तेच तोंडात आलं. “तारा तुटला,” मी म्हणाले. तिने ते दोन शब्द माझ्याकडून देवनागरीत लिहून घेतले, कागदाच्या पट्टीवर गिरवले आणि प्रकल्पाच्या बोर्डावर सगळ्यात वर चिकटवले. खाली इंग्रजीत अर्थ लिहिला, ‘स्टार ब्रोक’.

दोन दिवसांनी ती शाळेतून आली ती दप्तर आपटतच. वर्गात प्रकल्प सांगायची तालीम झाली होती. शिक्षिका म्हणाल्या होत्या, किती गोड जुनी समजूत आहे, पण तारे काही तुटत नसतात. त्यांनी ते प्रेमानेच म्हटलं असणार. पण मुलांना ‘टुटला’ एवढंच ऐकू आलं आणि मग जेवणाच्या सुट्टीभर सगळी पोरं ‘टूट टूट’ करत तिच्या मागे हॉर्न वाजवत फिरली. तिने पट्टी फाडून टाकली होती.

“आई, डोन्ट गिव्ह मी मराठी वर्ड्स फॉर स्कूल. एव्हर,” ती म्हणाली. “अँड ऑन फ्रायडे, नो मराठी, ओके?” शुक्रवारी संध्याकाळी पालकांना प्रकल्प बघायला बोलावलं होतं.

माझं डोकंच फिरलं. नवरा आयटीतला, घरूनच काम करतो. हेडफोन काढून म्हणाला, “अगं, त्या चुकीचं काय बोलल्या? तारा तुटत नाहीच. सोड ना.”

सोड ना! अकरा वर्षं मी सोडतेच आहे. इथल्याच जॉन्सनव्हिल उपनगरात मी फार्मासिस्ट आहे. माझ्या नावात दोन ‘त’ आहेत. पहिल्याच आठवड्यात काउंटरवर त्यांचे ‘ट’ झाले आणि महिन्याभरात निम्मं नाव गळून पडलं. “स्वीट अ‍ॅज,” म्हणजे इथल्या बोलीत ‘चालेल की’, असं म्हणत मी तोच बिल्ला छातीवर लावला. मला वाईट वाटलं होतं आणि मी ते कुणालाही सांगितलं नव्हतं. माझं नाव गेलं ते गेलं. पण माझ्या लेकीने आपण होऊन मागितलेला एकुलता एक शब्द मी सोडणार नव्हते.

मग मी हट्टाने तुंगुस्काबद्दल वाचायला बसले. डबा खाताना वाचलं, बसमध्ये वाचलं. गुरुवारी सकाळी ती टोस्ट खात होती तेव्हा तिच्यासमोर जाऊन बसले.

“हे बघ,” म्हटलं, “तारा म्हणाले ती माझी चूक. ती उल्का. पण इंग्रजीत शूटिंग स्टार म्हणतातच की. त्याला कोणी जुनी समजूत म्हणत नाही.”

“सो?”

“सो, शास्त्रज्ञ तिथे पोचले जवळजवळ वीस वर्षांनी. आणि शोधत काय बसले, तर ती पडली कुठे. खड्डा कुठे आहे. दलदलीत खणून खणून थकले, खड्डा मिळालाच नाही. कारण ती पडलीच नाही. जमिनीला लागायच्या आधी वरच तिचे तुकडे झाले. ते ‘पडला’ शोधत होते. आपला शब्द काय आहे?”

तिने चावणं थांबवलं. “ब्रोक.”

आमच्या पूर्वजांना सगळं आधीच ठाऊक होतं, असलं काही मी अजिबात म्हणत नाही. तसले मेसेज पाठवणारे आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ढिगाने आहेत आणि मला त्यांचा वीट आला आहे. माझं म्हणणं एवढंच, की शब्द अर्धा चूक असेल तर अर्धा बरोबरही आहे, आणि बरोबर असलेला अर्धा कुणाला हसण्यावारी नेऊ द्यायचा नाही.

“सो, हाफ राइट,” ती म्हणाली आणि दप्तर उचलून गेली. तिच्या मनात काय आहे ते कळेना.

शुक्रवारी मी शिक्षिकेला सुनवायची चार वाक्यं इंग्रजीत घोकूनच गेले. हॉलमध्ये गर्दी होती. लेक बोर्डाशेजारी उभी होती. वर बघते तर पट्टी परत आलेली, फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावलेली. ‘तारा’वर लाल काट मारली होती. ‘तुटला’ तसाच होता.

शिक्षिका आल्या. “किया ओरा,” असा इथला माओरी नमस्कार केला. मी तोंड उघडणार तेवढ्यात लेकीने माझ्याकडे असं बघितलं की मी ते मिटलं.

“स्टार इज राँग. दॅट्स माय मम्स मिस्टेक,” ती म्हणाली. माझी चूक सगळ्या हॉलसमोर जाहीर झाली. “बट दे लुक्ड फॉर व्हेअर इट फेल, फॉर इयर्स. इट डिडन्ट फॉल. इट ब्रोक. तुटला.”

‘त’ दातांवरून आला आणि ‘ट’ टाळूवरून. मी घरी हजारदा सांगून जे झालं नव्हतं, ते तिथे झालं.

शिक्षिका बोर्डाजवळ सरकल्या. “यू आर राइट,” त्या म्हणाल्या, अगदी मनापासून. “टुटला.” मागे दोन पोरांनी हॉर्न वाजवला. शिक्षिका हसून पुढच्या बोर्डाकडे वळल्या.

“नो,” माझी लेक म्हणाली. त्या थांबल्या. “टंग ऑन यॉर टीथ. त. देन टंग अप. ट.”

“टु...”

“नो. अगेन,” ती म्हणाली.