गर्दीआधीचं तिकीट

डांबरगोळ्यांचा वास आला की मला कोल्हापुरातलं ते संग्रहालय आठवतं. लग्नाला वर्ष झालं होतं. जादा पैसे भरले की तिथं गर्दीच्या आधी तासभर आत सोडायचे. “एवढ्यासाठी जादा कशाला?” असं मी गाइडसमोर म्हणाले, ते नवऱ्याला झोंबलं. पेंढा भरलेल्या वाघांच्या रिकाम्या दालनात त्यानं केस धरून मला भिंतीवर आपटलं. माझा ओठ फुटला. गाइड मधे पडला, “पावणं, बाईमाणसावर हात टाकायचा न्हाय.” नवऱ्यानं त्यालाही ढकलून पाडलं. तेवढ्यात दार उघडलं, लोक आत आले आणि त्याचा उगारलेला हात खाली गेला. त्या गर्दीतून मी बाहेर पडले ती थेट मलकापूरच्या एसटीत, माहेरी. परत नांदायला गेले नाही. आता मैत्रिणी सहलीआधी विचारतात, लवकर आत सोडतात, जादा पैसे भरायचे का? मी म्हणते, “तुम्ही भरा की. मी गर्दीबरोबर येते.”